यूएसएस्पेंडिंग : अमेरिकी लष्कराच्या सल्ला-कंत्राटांचा माग काढायला किती उपयोगी?

अमेरिकेचं संरक्षण खातं कंत्राटांवर जो पैसा लावतं, त्यातला साधारण निम्मा सेवांवर जातो. त्यातला एक मोठा आणि सहसा बातमीत न येणारा हिस्सा म्हणजे व्यावसायिक, प्रशासकीय आणि व्यवस्थापकीय साहाय्य. प्रकल्पाचं वेळापत्रक सांभाळणं, खर्चाचे अंदाज बांधणं, तांत्रिक अहवाल लिहिणं, निविदेची कागदपत्रं तयार करणं अशी ही कामं. करणारी माणसं पुष्कळदा सरकारी कार्यालयातच बसतात, पगार कंपनीकडून घेतात आणि त्यांच्या तासांचं बिल सरकारला जातं. रणगाडा आला की नाही हे मोजता येतं, पण सल्ला मिळाला की नाही हे मोजायला कुणीतरी जबाबदार माणूस रोज तिथे असावा लागतो. ही देखरेख खरोखर होते का, हे बाहेरच्या माणसाला तपासायचं असेल तर पहिलं साधन यूएसएस्पेंडिंग ही सरकारी वेबसाइट. हे परीक्षण तिचंच, आणि फक्त या एका कामापुरतं.

मत आधीच सांगून टाकतो. पैसा कुठल्या कार्यालयातून, कुणाला आणि कुठल्या प्रकारच्या कामासाठी बांधला गेला हे शोधायला याच्या तोडीचं फुकट साधन नाही. पण झालेलं काम कुणी पाहिलं का, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळत नाही. ते हवं असेल तर ही साइट पहिली पायरी समजायची आणि इथून नेमके क्रमांक घेऊन पुढच्या दारांवर जायचं. जे लोक इथल्या आकड्यांवर थांबून निष्कर्ष काढतात ते जवळजवळ हमखास चुकतात.

साइटचा पाया २००६चा पारदर्शकता कायदा. सिनेटर टॉम कोबर्न आणि तेव्हा सिनेटर असलेले बराक ओबामा यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. डिसेंबर २००७मध्ये ती सुरू झाली, २०१४च्या डेटा कायद्यानंतर नव्यानं बांधली गेली, आणि आता अर्थखातं ती चालवतं. लॉगिन लागत नाही, शुल्क नाही, प्रोग्रामिंग येणाऱ्यांसाठी एपीआय आहे आणि त्यालाही किल्ली लागत नाही. मुख्य शोधात आर्थिक वर्ष २००८पासूनची माहिती आहे. आपल्याकडच्या वाचकानं इथेच एक गोष्ट पक्की करावी : त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, आणि नाव ज्या वर्षात ते संपतं त्याचं. आर्थिक वर्ष २०२४ म्हणजे ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४. एप्रिल-मार्चच्या सवयीनं पाहिलं तर दोन वर्षांची सरमिसळ होते.

साइट कंत्राटांची माहिती स्वतः गोळा करत नाही. कंत्राट अधिकारी एफपीडीएस या केंद्रीय नोंदवहीत जे भरतो, तेच इथे येतं. म्हणून इथल्या बहुतेक चुका पडद्याच्या नसून भरणाऱ्याच्या असतात. लष्करी कंत्राटांच्या नोंदी सुरक्षेच्या कारणानं ९० दिवस रोखून मग उघड होतात, त्यामुळे गेल्या तिमाहीचा आलेख एकदम खाली आलेला दिसला तर ती खर्चातली कपात नव्हे. गोपनीय कंत्राटं तर येतच नाहीत.

आता शोध कसा लावायचा ते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड सर्च’मध्ये आर्थिक वर्ष निवडा. नंतर खातं निवडताना दोन वेगळे पर्याय दिसतील : कंत्राट देणारं खातं आणि पैसे देणारं खातं. नवखे लोक फक्त पहिल्यात संरक्षण खातं टाकतात आणि बरीच कंत्राटं निसटतात, कारण लष्कर आपली पुष्कळ सल्ला-कामं दुसऱ्या खात्यामार्फत, विशेषतः जीएसए या सरकारी खरेदी संस्थेमार्फत घेतं. तिथे देणारं नाव जीएसएचं असतं, पैसा संरक्षण खात्याचा. शोध दोन्ही बाजूंनी लावा आणि दुहेरी मोजणी टाळण्यासाठी कंत्राट क्रमांकावरून यादी एकत्र करा.

हा बारकावा किती महत्त्वाचा आहे हे इराकमधल्या अबू गरेब तुरुंगातल्या कैदी-छळाच्या प्रकरणानं दाखवलं. तिथल्या कैद्यांच्या चौकशीसाठी लागणारी कंत्राटी माणसं लष्करानं अमेरिकेच्या अंतर्गत खात्यामार्फत मागवली होती, तीही माहिती-तंत्रज्ञानाच्या सेवांसाठी झालेल्या करारावर. संसदेची लेखापरीक्षण संस्था जीएओ हिनं २००५मध्ये हे तपासलं तेव्हा सीएसीआय या एकाच कंपनीला दिलेल्या ११ ऑर्डरी आणि ६ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम समोर आली. पैसे देणारा एक, ऑर्डर काढणारा दुसरा, काम चालणार तिसऱ्या देशात; अशा रचनेत देखरेख कुणाची हे प्रत्येकानं दुसऱ्यावर ढकललं. आज तुम्ही देणारं आणि पैसे देणारं खातं वेगळं असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या, तर देखरेख विस्कळीत होण्याचा धोका जिथे जास्त, तीच यादी हाती येते.

पुढचा फिल्टर वस्तू-सेवा कोडाचा. हे कोड चार अक्षरी असतात. वस्तूंचे अंकानं सुरू होतात, सेवांचे इंग्रजी अक्षरानं. साहाय्य-सेवांचा गट ‘आर’. त्यात आर४०८ म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन, आर४२५ अभियांत्रिकी व तांत्रिक साहाय्य, आर४२३ गुप्तवार्ता, आर७०६ रसदीचं साहाय्य, आर७०७ कंत्राट-खरेदीचं साहाय्य, आणि आर४९९ व आर७९९ हे ‘इतर’चे डबे. टंकताना अक्षर अर्थातच रोमन. उद्योगाचा कोड वेगळा असतो, त्याच्याशी गल्लत करू नका. तो कंपनी कुठल्या धंद्यातली आणि लहान की मोठी हे ठरवायला वापरतात. काय विकत घेतलं हे तो सांगत नाही.

या कोडांवर मात्र पूर्ण भरवसा टाकू नये. एका नोंदीला एकच कोड मिळतो, ज्या कामाची रक्कम सर्वांत मोठी त्याचा. क्षेपणास्त्राच्या विकास-कंत्राटात शंभर सल्लागार बसले असले तरी नोंद संशोधनाखाली जाते. उलट, ‘इतर’च्या डब्यात काय पडलं असेल सांगता येत नाही. माहिती-तंत्रज्ञानाचे ‘डी’ गटातले कोड २०२०मध्ये बदलले, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची रांग जुळवताना जुनी-नवी यादी शेजारी ठेवावीच लागते. कंपनीच्या ओळख-क्रमांकाचंही असंच : ४ एप्रिल २०२२पासून जुना ९ अंकी डन्स क्रमांक जाऊन १२ अक्षरी यूईआय आला. नावावरून शोध घेण्यापेक्षा यूईआय वापरा, कारण एकाच कंपनीची नावं पाच तऱ्हेनं लिहिलेली सापडतात.

कंत्राट क्रमांक वाचायला शिकलात तर अर्धं काम होतं. लष्कराचा क्रमांक १३ अक्षरांचा. पहिली सहा कंत्राट देणाऱ्या कार्यालयाची : डब्ल्यूनं सुरू होत असेल तर भूदल, एननं नौदल, एफएनं हवाई दल, एचनं बहुधा खात्याच्या इतर संस्था. सातवा-आठवा अंक आर्थिक वर्ष. नववं अक्षर प्रकार : ‘सी’ स्वतंत्र कंत्राट, ‘डी’ म्हणजे आपल्याकडच्या दर-करारासारखा मुख्य करार, ‘एफ’ म्हणजे त्याच्याखाली निघालेली ऑर्डर. शेवटची चार अक्षरं क्रमाची. जुन्या ऑर्डरींना नुसता ०००१, ०००२ असा क्रमांक असे, म्हणून त्या मुख्य कराराच्या क्रमांकाशिवाय सापडत नाहीत. सल्ला-सेवांमध्ये खरं काम जवळजवळ नेहमी ऑर्डरीत असतं. मुख्य कराराचं पान उघडून ‘इथे तर काहीच रक्कम नाही’ असं म्हणणारे चुकीचं पान पाहत असतात.

कंत्राटाच्या पानावर चार रकमा दिसतात आणि पत्रकार सर्वाधिक घसरतात ते इथेच. ‘संभाव्य रक्कम’ म्हणजे मुदत वाढवण्यासाठी करारातच ठेवलेली सगळी ऐच्छिक वर्षं वापरली तर पोहोचेल ती मर्यादा. ‘सध्याची रक्कम’ म्हणजे आजवर वापरलेल्या वर्षांची. ‘बांधील रक्कम’ म्हणजे सरकारनं कायदेशीरपणे बाजूला काढून ठेवलेला पैसा. आणि ‘अदा रक्कम’ म्हणजे प्रत्यक्ष बिलांपोटी गेलेला. मथळ्यात संभाव्य रक्कम छापली जाते, जी कधीच खर्च न होण्याची शक्यता असते. देखरेखीच्या दृष्टीनं बांधील आणि अदा यांतली दरी पाहावी. काम संपून दोन-तीन वर्षं झाली तरी दरी मोठी असेल, तर कंत्राट बंद करण्याची प्रक्रिया, म्हणजे अंतिम हिशेब, उरलेला पैसा सोडवणं, रेंगाळली आहे असं समजावं. वजा चिन्हाच्या ओळी दिसल्या तर दचकू नका. तो बांधलेला पैसा सोडवल्याची नोंद असते.

त्याच पानावर बदलांचा इतिहास आहे आणि आमच्या मते साइटचा सर्वांत उपयुक्त भाग हाच. बदलाचा क्रमांक ‘पी’नं सुरू होत असेल तर तो कंत्राट देणाऱ्या कार्यालयानं केलेला, ‘ए’नं सुरू होत असेल तर प्रशासन सांभाळणाऱ्या कार्यालयानं, म्हणजे बहुधा डीसीएमए या कंत्राट-व्यवस्थापन संस्थेनं. पाच वर्षांच्या सल्ला-कंत्राटात एकही ‘ए’ बदल नसेल तर देखरेखही खरेदी करणाऱ्या कार्यालयाकडेच राहिली, असा तर्क बऱ्याच अंशी बरोबर ठरतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले बदल वेगळे पाहा. वर्ष संपताना पैसा परत जाऊ नये म्हणून कामाची व्याप्ती न वाढवता रक्कम वाढवलेली तिथे सापडते.

वर्णनाच्या रकान्यात ‘आयजीएफ’ ही रोमन अक्षरं आणि मध्ये दोन-दोन विसर्गचिन्हांसारखे ठिपके असलेली एक विचित्र खूण जुन्या नोंदींत दिसते. ती चूक नव्हे. २०१२पासून सेवा-कंत्राटांवर कामाचं स्वरूप नोंदवायचा नियम आला : ‘सीएल’ म्हणजे मूळच्या सरकारी अधिकाराच्या कामाला अगदी लागून असलेलं काम, ‘सीटी’ म्हणजे खात्याच्या ध्येयासाठी अत्यावश्यक काम, ‘ओटी’ म्हणजे इतर. निर्णय घेणं, धोरण ठरवणं, पैसा मंजूर करणं ही कामं कंत्राटदाराला देताच येत नाहीत. त्यांच्या तयारीची कामं देता येतात, पण सप्टेंबर २०११च्या सरकारी धोरणपत्रानुसार तिथे जास्त कडक देखरेख लागते. अंदाजपत्रक तयार करायला मदत करणाऱ्या कंत्राटावर निर्धास्तपणे ‘ओटी’ ठोकलेलं दिसलं, तर ते पान बाजूला काढून ठेवण्याजोगं.

स्पर्धेचा रकानाही बघा : किती प्रस्ताव आले. एक असेल तर पुढे शोधा. संरक्षण खात्याच्या २०१२च्या नियमानुसार निविदा ३० दिवसांपेक्षा कमी काळ उघडी असून एकच प्रस्ताव आला, तर किमान ३० दिवस पुन्हा मागवावी लागते. निविदेच्या तारखा सॅम या सरकारी निविदा आणि कंत्राटदार-नोंदणीच्या साइटवर तपासता येतात. किमतीचा प्रकार पाहताना ‘तास आणि साहित्य’ किंवा ‘श्रम-तास’ असं लिहिलं असेल तर कान टवकारा. या प्रकारात कंपनीनं जितके तास लावले तितके पैसे. काम लवकर संपवण्यात तिचा काहीच फायदा नाही. म्हणून नियमाप्रमाणे दुसरा कुठलाच प्रकार चालत नाही असं लेखी समर्थन आणि कमाल रकमेची मर्यादा लागते, आणि तिथेच जागेवरच्या माणसाची गरज सर्वांत जास्त असते.

तो माणूस म्हणजे कंत्राट अधिकाऱ्याचा प्रतिनिधी, सगळे त्याला सीओआर म्हणतात. साइटवर त्याचा मागमूस नाही, आणि हीच तिची सर्वांत मोठी उणीव. सीओआरची नेमणूक लेखी हवी, तो सहसा सरकारी नोकरच हवा, आणि त्याला किंमत, प्रमाण किंवा मुदत बदलण्याचा अधिकार नसतो. संरक्षण खात्यानं २०१५मध्ये त्यांचे तीन वर्ग केले : ‘ए’ साध्या, ठरावीक किमतीच्या कंत्राटांसाठी, ‘बी’ गुंतागुंतीच्या, ‘सी’ विशेष पात्रता लागते अशांसाठी. प्रत्येकाला प्रशिक्षण आणि ठरावीक काळानं उजळणी. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. मोडते ती दोन ठिकाणी. बहुतेकांची मूळ नोकरी वेगळीच असते, सीओआरचं काम वर चिकटवलेलं. एकाच्या गळ्यात अनेक कंत्राटं पडतात आणि बिल आलं की टाइमशीटशी न जुळवता पुढे जातं. आणि लष्करी अधिकारी असेल तर बदली होते, नवीन नेमणूक व्हायला वेळ लागतो, मधल्या काळात कुणीच नाही. पैसे मात्र थांबत नाहीत. बिल चुकवायला साधारण ३० दिवसांची कायदेशीर मुदत असते, आणि सरकार गप्प राहिलं तर उशिराच्या व्याजाच्या हिशेबापुरतं काम सातव्या दिवशी स्वीकारलं असं धरलं जातं.

जीएओनं मार्च २००५च्या अहवालात ९० सेवा-कंत्राटं तपासली. २६ वर देखरेख अपुरी होती, आणि त्यातल्या १५ वर देखरेखीसाठी माणूसच नेमलेला नव्हता. ही ९० कंत्राटं यूएसएस्पेंडिंगसारख्या साइटवर पाहिली असती तर सगळी एकसारखीच दिसली असती. म्हणून ज्या कार्यालयाची यादी काढली त्याचं नाव जीएओच्या आणि खात्याच्या महानिरीक्षकांच्या, म्हणजे खात्यातल्या गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्यांच्या, अहवालांत शोधणं ही आमच्या मते अटळ दुसरी पायरी. जीएओनं लष्करी कंत्राट-व्यवस्थापन १९९२मध्येच आपल्या उच्च-जोखीम यादीत टाकलं. तिचे २००८चे दोन अहवाल तर या विषयात कुणीही आधी वाचावेत. एकात २१ कार्यालयं पाहिली. १५ मध्ये कंत्राटी माणसं सरकारी माणसांपेक्षा जास्त होती, एका ठिकाणी तर ८८ टक्क्यांपर्यंत. दुसऱ्यात भूदलाच्या एका खरेदी केंद्रात कंत्राटांची कागदपत्रं हाताळणारेच ४२ टक्के कंत्राटी निघाले. २००५मध्ये ते २४ टक्के होते. सरकारी माणसापेक्षा त्यांच्यासाठी २७ टक्क्यांच्या आसपास जास्त पैसे पडत होते. कंत्राटदारावर लक्ष ठेवायला कंत्राटदारच बसवला तर हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतोच. अशा कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक हितसंबंधांवरचा नियम त्यानंतर, डिसेंबर २०११पासून लागू झाला. आर७०७ हा कोड वेगळा काढून पाहायला सांगतो तो याच कारणानं.

अशा कार्यालयात आणखी एक धोका असतो : कंत्राटी माणूस प्रत्यक्षात सरकारी नोकरासारखा वागवला जाणं. खास परवानगीशिवाय हे निषिद्ध आहे, आणि खरेदी नियमावलीत ओळखायच्या सहा खुणा दिलेल्या आहेत. काम सरकारी जागेत होतं का. मुख्य साधनं सरकारची आहेत का. काम खात्याच्या मूळ कार्याचाच भाग आहे का. तसंच काम सरकारी नोकर करतात का. गरज वर्षाहून जास्त टिकणार आहे का. आणि सरकारी अधिकाऱ्याच्या रोजच्या हुकमाशिवाय काम होऊच शकत नाही का. कामाचं वर्णनपत्र हातात आलं की या सहा प्रश्नांवर ते घासून पाहा. पहिल्या पाचांची उत्तरं बहुतेक सल्ला-कंत्राटांत ‘हो’ असतात, खरा निर्णय सहाव्यावर होतो. २०२५मध्ये या नियमावलीचा मोठा फेरबदल सुरू झाला आहे, त्यामुळे कलमांचे जुने क्रमांक उद्धृत करण्याआधी चालू मजकूर उघडून पाहावा.

माणसं किती, हेही यूएसएस्पेंडिंग सांगत नाही. त्यासाठी सेवा-कंत्राटांची वार्षिक मोजदाद आहे. आर्थिक वर्ष २००८च्या संरक्षण कायद्यानं ती बंधनकारक केली. पुढे २०१७च्या कायद्यानं ती ३० लाख डॉलरवरच्या आणि फक्त चार गटांतल्या कंत्राटांपुरती मर्यादित केली : रसद-व्यवस्थापन, उपकरणांच्या सेवा, ज्ञानाधारित सेवा, इलेक्ट्रॉनिक्स व दळणवळण. सल्ला-कामं ज्ञानाधारित गटात येतात. कंपनीनं दरवर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत मागच्या वर्षाचं एकूण बिल आणि थेट श्रम-तास सॅमवर भरायचे. बिलाला तासांनी भागलं की सरासरी तासाचा दर मिळतो. तासांना २,०८०नं, म्हणजे ४० तासांच्या ५२ आठवड्यांनी, भागलं तर माणसांचा किमान अंदाज. रजा-सुट्ट्या वजा करून कंपन्या स्वतः १,८८० ते १,९२० धरतात. निघालेला दर जीएसएच्या सार्वजनिक दर-शोधकात त्याच पदाच्या कमाल दराशी ताडून पाहा. तो कमाल दर असतो, प्रत्यक्षात घासाघीस होऊन कमी मिळायला हवा. सरासरीच कमाल दराला टेकत असेल तर वाटाघाटी झाल्याच नाहीत असं म्हणायला जागा आहे. जीएओनं मात्र एकाहून अधिक वेळा नोंदवलं आहे की ही मोजदाद होते, पण मनुष्यबळाचे निर्णय घेताना ती वापरली जात नाही.

उप-कंत्राटांची सूची पानावर आहे, तिच्यावर फार विसंबू नये. ती मुख्य कंत्राटदार स्वतः भरतो, ती फक्त पहिल्या थरापर्यंत जाते आणि तपासणी कच्ची असते. उप-कंत्राटाची रक्कम मुख्य कंत्राटापेक्षा मोठी दिसली तर टंकलेखनाची चूक समजून पुढे जा.

बिलांमधली खोटी भर पकडायचं काम डीसीएए या लष्करी लेखापरीक्षण संस्थेचं, स्थापना १९६५. खर्चावर आधारित कंत्राटात कंपनीनं आपलं हिशेबी वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत झालेल्या खर्चाचा तक्ता द्यायचा असतो. परीक्षक अचानक येऊन टेबलावर माणूस आहे का, तो टाइमशीटमध्ये लिहिलेलंच काम करतोय का, टाइमशीट रोजच्या रोज भरली जाते का, हे पाहतात. यांतलं काहीही यूएसएस्पेंडिंगवर दिसत नाही. जुलै २०२३मध्ये बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या सल्लागार कंपनीनं व्यापारी आणि परदेशी कामांचा खर्च सरकारी कंत्राटांवर टाकल्याच्या आरोपांबाबत ३७ कोटी ७४ लाख डॉलर देऊन तडजोड केली. आरोप कोर्टात सिद्ध झालेले नाहीत, पण प्रकरण उघडकीला आलं ते कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यानं खोट्या दाव्यांच्या कायद्याखाली केलेल्या दाव्यामुळे. असा अप्रत्यक्ष खर्च शेकडो कंत्राटांवर थोडा-थोडा पसरतो. एकेका कंत्राटाच्या पानावर तो ओळखूच येत नाही.

कंपनीनं काम कसं केलं याचे सरकारी शेरे सीपार्स या प्रणालीत असतात, ‘असाधारण’पासून ‘असमाधानकारक’पर्यंत पाच पायऱ्यांचे. ते जनतेला बंद आहेत. ही गोष्ट बदलायला हवी असं आमचं ठाम मत आहे; निदान अंतिम शेरा तरी कंत्राटाच्या पानावर यायला काय हरकत आहे? सध्या बाहेरच्याला दिसतात ती फक्त कंत्राट रद्द झाल्याच्या किंवा तसल्या गंभीर घटनांची नोंद, तीही सॅमवर.

तर गुण द्यायचे झाले तर पैशाचा माग काढण्यासाठी पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ‘संभाव्य रक्कम’ इतक्या ठळकपणे दाखवण्याबद्दल आणि कोडांच्या बदलांची सूचना शोधाच्या पडद्यावर नसल्याबद्दल. देखरेख तपासण्यासाठी पाचपैकी दोन, आणि तेही बदलांच्या इतिहासामुळे.

उरलेलं काम माहिती-स्वातंत्र्य कायद्यानं करून घ्यावं लागतं. आपला माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकाला आहे. अमेरिकेचा १९६६चा कायदा ‘कोणत्याही व्यक्ती’ला लागू आहे, म्हणजे पुण्यात किंवा पणजीत बसूनही अर्ज करता येतो. वर मिळालेला १३ अक्षरी क्रमांक, ऑर्डरीचा क्रमांक आणि पहिल्या सहा अक्षरांवरून ओळखलेलं कार्यालय लिहा. ‘सगळी कागदपत्रं’ असं मागू नका, अर्ज वर्षभर पडून राहतो. चार गोष्टी नावानं मागा : कामाचं वर्णनपत्र, गुणवत्ता-देखरेखीचा आराखडा, सीओआरचं नेमणूकपत्र आणि त्याचे गेल्या बारा महिन्यांचे देखरेख-अहवाल. उत्तराची कायदेशीर मुदत २० कामाचे दिवस, प्रत्यक्षात बरीच जास्त. व्यावसायिक हेतू नसेल तर पहिले दोन तास शोधाचे आणि १०० पानं फुकट. अर्जात शुल्काची कमाल तयारी लिहून ठेवा. तासाचे दर काळे करून येतील, कारण व्यापारी गुपितांचा अपवाद २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणखी रुंद झाला आहे. दरांसाठी भांडण्यात वेळ घालवू नका. आराखडा नीट वाचा : कुठल्या कामाची कुठल्या पद्धतीनं, किती वेळा, कुणी तपासणी करायची हे त्यात असायला हवं. तपासायची एकमेव गोष्ट ‘मासिक प्रगती अहवाल वेळेवर आला’ एवढीच असेल, किंवा ‘अशी कागदपत्रं आढळली नाहीत’ असं लेखी उत्तर आलं, तर ते उत्तर जपून ठेवा आणि कंत्राटाच्या क्रमांकासकट खात्याच्या महानिरीक्षकांच्या तक्रार-खिडकीत द्या.